जुनी विंडोज बदलावी की ठेवावी: ठाणे आणि नवी मुंबईतील छोट्या कार्यालयांसाठी

विंडोज १० चा आधार (मोफत सुरक्षा दुरुस्त्या देणे) मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. दुसऱ्या दिवशी नौपाड्यातील करसल्लागाराचा, वाशीतील क्लिअरिंग एजंटचा आणि घोडबंदर रस्त्यावरील सोसायटीच्या कार्यालयातला संगणक नेहमीसारखा सुरू झाला, छपाई झाली, ई-मेल गेले. काहीच अडले नाही म्हणून हा विषय बहुतेक ठिकाणी अजून भिजत पडला आहे. मधूनमधून पडद्यावर सूचना येते, कोणीतरी ती बंद करते आणि दुरुस्तीसाठी आलेला माणूस ‘आता नवीनच घ्या’ असे सांगून जातो.

नवीन घेणे हा कधीकधी योग्य सल्ला असतो, पण तो सर्व यंत्रांना सरसकट लागू होत नाही. हा निर्णय प्रत्येक संगणकासाठी वेगळा घ्यावा लागतो आणि तो घेताना त्या यंत्रावर नेमके कोणते काम अडून आहे, हे सर्वांत आधी पाहावे लागते. चार संगणकांच्या कार्यालयात चार वेगवेगळे निर्णय निघाले, तर त्यात वावगे काही नाही.

आधार संपतो म्हणजे काय होते

प्रत्येक महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी मायक्रोसॉफ्ट सुरक्षेच्या दुरुस्त्या प्रसिद्ध करते. विंडोज १० आणि ११ यांचा बराचसा गाभा सारखाच असल्यामुळे ११ मधील एखादे भगदाड बुजवले गेले की तेच भगदाड १० मध्ये उघडे राहण्याची शक्यता मोठी असते, आणि दुरुस्ती उलगडून पाहणाऱ्या हल्लेखोराला ते कुठे आहे याचा जणू पत्ताच मिळतो. त्यामुळे धोका पहिल्या दिवशी दिसत नाही. तो महिन्यागणिक साचत जातो.

नवी मुंबईकरांना याचे उदाहरण दूर शोधायला नको. मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील एका गंभीर त्रुटीवर दुरुस्ती दिली. ती न बसवलेल्या संगणकांवर मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ हा खंडणी मागणारा विषाणू पसरला आणि जूनच्या अखेरीस आलेल्या ‘नॉटपेट्या’ने जवाहरलाल नेहरू बंदरातील, मर्स्क समूहाकडून चालवल्या जाणाऱ्या टर्मिनलचे संगणकीकृत कामकाज ठप्प केले. या दुसऱ्या प्रकरणातील एक बाब छोट्या कार्यालयांनी विशेष लक्षात घ्यावी. नॉटपेट्या एका यंत्रात शिरला की तिथले पासवर्ड चोरून त्याच जाळ्यातील, सर्व दुरुस्त्या बसवलेल्या यंत्रांवरही जात असे. कोपऱ्यातला जुना संगणक ‘फक्त छपाईसाठी’ ठेवला आहे, हे समर्थन त्यामुळे टिकत नाही. तो इतर संगणकांच्या वायरला जोडलेला असेल, तर त्याचा धोका सर्वांचा आहे.

विंडोज ७ किंवा ८.१ अजून चालवणाऱ्यांची अडचण आणखी पुढची आहे. त्यांचा आधार अनुक्रमे जानेवारी २०२० आणि जानेवारी २०२३ मध्ये संपला आणि क्रोमची १०९ ही त्यांवर चालणारी शेवटची आवृत्ती ठरली. बँका आणि सरकारी संकेतस्थळे जुन्या ब्राउझरला दाद देईनाशी झाली की निर्णय आपल्या हातात राहत नाही. अशा यंत्रावरून इंटरनेट वापरणे आजच थांबवावे. बाकीचा विचार नंतर करता येईल.

आधी यादी करावी

एका वहीत प्रत्येक संगणकासाठी एक पान ठेवावे. त्यावर विंडोजची आवृत्ती, ती ३२ बिटची आहे की ६४ बिटची, प्रोसेसर, रॅम, डिस्कचा प्रकार, इंटरनेटची जोडणी, आणि त्याला लावलेली प्रत्येक वस्तू लिहावी: प्रिंटर, स्कॅनर, बायोमेट्रिक हजेरी यंत्र, डिजिटल स्वाक्षरीचे टोकन, सॉफ्टवेअरचा डोंगल (संगणकाला लावायची परवान्याची किल्ली). यातील बहुतेक माहिती सेटिंग्जमध्ये ‘सिस्टम’ आणि त्यात ‘अबाउट’ येथे मिळते.

सर्वांत महत्त्वाचा रकाना मात्र संगणक सांगत नाही. या यंत्रावर वर्षातून एकदाच लागणारे असे काय आहे, हे कार्यालयातील सर्वांत जुन्या माणसाला विचारावे. सोसायटीच्या वार्षिक सभेचा अहवाल ज्या साच्यातून निघतो ती फाइल, जुन्या भाडेकरारांचे मजकूर, तीन वर्षांपूर्वी बंद केलेल्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधला डेटा, या गोष्टी रोजच्या वापरात नसल्यामुळे कोणाच्याच तोंडी येत नाहीत आणि लेखापरीक्षकाने मागितल्यावर नेमकी त्यांचीच शोधाशोध सुरू होते.

यंत्र पात्र आहे का

मायक्रोसॉफ्टचे ‘पीसी हेल्थ चेक’ हे मोफत साधन हो किंवा नाही असे उत्तर देते, परंतु ‘नाही’ आले म्हणून लगेच हात टेकू नयेत. कारण कोणते दिले आहे ते पाहावे, कारण काही अडथळे सोडवता येतात आणि काही येत नाहीत.

न सुटणारा अडथळा प्रोसेसरचा. इंटेलच्या बाबतीत, मोजके अपवाद वगळता, आठव्या पिढीपासून पुढचे प्रोसेसर विंडोज ११ ला चालतात. पिढी ओळखण्यासाठी नावातील आडव्या रेघेनंतरचा आकडा पाहावा: आय५-७४०० हा सातव्या पिढीचा, तर आय५-८४०० हा आठव्या पिढीचा. आकडा पाच अंकी असेल, तर पहिले दोन अंक पिढी सांगतात. एएमडीमध्ये साधारणपणे रायझन २००० मालिकेपासून पुढचे चालतात. नावात ‘आय७’ आहे म्हणून यंत्र नवे, असा समज आढळतो. तिसऱ्या पिढीचा आय७ अपात्र आणि आठव्या पिढीचा आय३ पात्र असतो.

टीपीएम २.० (सुरक्षेच्या चाव्या सांभाळणारी सोय) नसल्याचे कारण दिले असेल, तर बहुतेक वेळा ती सोय यंत्रात असते, फक्त बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या, बोर्डवरील मूळ प्रोग्रॅममध्ये) बंद ठेवलेली असते. इंटेलच्या बोर्डवर तिचे नाव ‘पीटीटी’, तर एएमडीच्या बोर्डवर ‘एफटीपीएम’ असे दिसते. सिक्युअर बूटसाठी (संगणक फक्त खात्रीच्या प्रणालीनेच सुरू होऊ देणाऱ्या सोयीसाठी) यंत्र ‘लेगसी’ऐवजी ‘यूईएफआय’ पद्धतीने सुरू व्हावे लागते, आणि त्यासाठी डिस्कची मांडणी एमबीआरमधून जीपीटीमध्ये बदलावी लागते. विंडोज १० मध्येच त्यासाठी साधन आहे आणि ते डेटा न पुसता हे काम करते, तरीही बॅकअप घेतल्याशिवाय त्याला हात लावू नये. शिवाय बायोसमध्ये काहीही बदलण्याआधी डिस्कवर बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू आहे का, ते तपासून त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवावी. ती नसेल आणि बदलानंतर संगणकाने ती मागितली, तर स्वतःचाच डेटा स्वतःला उघडता येत नाही.

रॅमची अधिकृत किमान अट ४ जीबी आहे. ती कागदावरच ठीक. ८ जीबीपेक्षा कमी रॅमवर आणि फिरत्या हार्ड डिस्कवर विंडोज ११ बसवणे म्हणजे आगीतून फुफाट्यात जाणे आहे. पात्र यंत्रात एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवून रॅम वाढवणे बहुधा परवडते, आणि नुसत्या एसएसडीने होणारा फरक कोणत्याही नव्या आवृत्तीपेक्षा जास्त जाणवतो. या खर्चाची बेरीज नव्या यंत्राच्या किमतीच्या एक-तृतीयांशापुढे जाऊ लागली, तर मात्र थांबावे, असा माझा आडाखा आहे.

खरी अडचण: जुन्या सॉफ्टवेअरचे ओझे

इथे बहुतेक लेख दोन ओळींत आटोपतात, आणि आपल्याकडचे निर्णय इथेच अडतात.

पहिली गोष्ट १६ बिटच्या प्रोग्रॅमची. औषधांची दुकाने, पतपेढ्या, छोटे कारखाने यांच्याकडे फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस भाषेत स्थानिक प्रोग्रॅमरने लिहून दिलेले डॉसवरचे बिलिंग किंवा पगारपत्रक अजून चालू असते. ते ३२ बिटच्या विंडोज १० वर चालते. विंडोज ११ ची ३२ बिट आवृत्तीच निघालेली नाही आणि ६४ बिट विंडोज १६ बिटचे प्रोग्रॅम चालवत नाही. यंत्र पूर्ण पात्र असले, तरी बदल केल्यावर हे काम बंद पडणार, हे आधीच धरून चालावे. डॉसबॉक्ससारख्या, जुन्या डॉसची नक्कल करणाऱ्या साधनात ते चालवून पाहता येते. छपाईचे काम मात्र तिथे अडते, विशेषतः डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर, म्हणून ‘चालले’ असे म्हणण्याआधी एक खरे बिल छापून पाहावे.

दुसरी गोष्ट मराठी डीटीपीची. पेजमेकर ७ हे २००१ सालचे सॉफ्टवेअर आणि श्रीलिपी किंवा आकृतीसारख्या फाँटची जुनी आवृत्ती, एवढ्या भांडवलावर आजही कितीतरी डीटीपीवाले लग्नपत्रिका, मंडळांचे अहवाल आणि दिवाळी अंक काढतात. अशा दुकानातील संगणक उघडून पाहिला की अडचण लगेच समजते. वीस वर्षांचा मजकूर ज्या फाइलींमध्ये आहे, त्यांत अक्षरे युनिकोडमध्ये (सर्व यंत्रांवर चालणाऱ्या प्रमाणित संकेतांत) साठवलेली नसतात. आतमध्ये रोमन अक्षरे आणि चिन्हे असतात आणि तो विशिष्ट फाँट त्यांना देवनागरी रूप देतो. फाँट नसलेल्या यंत्रावर तीच फाइल उघडली, तर गणपती मंडळाच्या अहवालाच्या जागी कंस, टक्क्यांची चिन्हे आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. त्यात फाँटचे सॉफ्टवेअर डोंगलशिवाय चालत नसेल आणि डोंगलचा ड्रायव्हर ६४ बिट विंडोजसाठी मिळत नसेल, तर विंडोज बदलणे म्हणजे सगळा जुना साठा कुलपात टाकणे.

अशा यंत्राला हात लावू नये. त्याची इंटरनेट केबल काढून ठेवावी, वाय-फाय बंद करावे आणि संपूर्ण डिस्कची जशीच्या तशी प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी, कारण पंधरा वर्षे जुन्या डिस्कचा भरवसा विंडोजच्या त्रुटींपेक्षाही कमी असतो. त्यानंतर घाई न करता दोन कामे चालू ठेवावीत. जो मजकूर फक्त पुन्हा छापायचा असतो, त्याच्या पीडीएफ काढून ठेवाव्यात. ज्यात पुढे बदल करायचे आहेत, तो कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणावा आणि नंतर माणसाकडून वाचून घ्यावा. रफार, जोडाक्षरे आणि ऱ्हस्व वेलांटी यांत कन्व्हर्टर हमखास घोळ घालतो. नवीन कामे मात्र पहिल्या दिवसापासून नव्या यंत्रावर युनिकोडमध्येच घ्यावीत, नाहीतर जुन्या यंत्रावरचे ओझे कधीच कमी होत नाही.

वागळे इस्टेट किंवा रबाळे-महापे पट्ट्यातील वर्कशॉपमध्ये यंत्राला सिरियल केबलने जोडलेला विंडोज एक्सपीचा संगणक दिसतो, त्यालाही हेच तत्त्व लागू पडते. यंत्र बनवणाऱ्या कंपनीने नवे सॉफ्टवेअर दिले नसेल, तर एक्सपी तसाच राहू द्यावा, जाळ्यापासून पूर्ण तोडावा, प्रोग्रॅम नेण्यासाठी एकच पेन ड्राइव्ह राखून ठेवावा आणि तो दर वेळी अद्ययावत संगणकावर तपासून मगच लावावा. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ लाच संपला असल्यामुळे या बाबतीत अर्धवट उपाय उरलेला नाही.

करसल्लागार आणि सीए यांच्या कार्यालयांची गोष्ट याउलट आहे. त्यांचे सगळे काम इंटरनेटवर चालते, ग्राहकांचे पॅन, आधार आणि बँकेचे तपशील यंत्रात असतात, आणि जुनी विंडोज ठेवण्यासाठी त्यांच्याकडे सबळ कारण नसते. डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनचा ड्रायव्हर आणि जीएसटी पोर्टलसाठीचा एमसाइनर (स्वाक्षरी करणारा प्रोग्रॅम) पुन्हा बसवावा लागेल, एवढीच त्यांची खरी अडचण असते. या कार्यालयांनी सर्वांत आधी बदल करावा.

ऑफिसचा मुद्दा सगळेच विसरतात. ऑफिस २०१६ आणि २०१९ यांचा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजीच संपला आहे. विंडोज ११ वर तेच जुने ऑफिस ठेवून बाहेरून आलेल्या एक्सेल फाइली उघडत राहिल्यास पुढचा दरवाजा बंद करून मागचा उघडा ठेवल्यासारखे होईल.

आता पर्याय तोलावेत

यंत्र पात्र असेल आणि काम अडवणारे सॉफ्टवेअर नसेल, तर विंडोज ११ घ्यावी. खऱ्या परवान्याच्या विंडोज १० वरून हा बदल मोफत आहे. विंडोज ७ किंवा ८ च्या परवान्यावर मोफत बदलाची वाट सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाली. परवानाच चोरीचा असेल, तर या लेखातील एकही पायरी उपयोगाची नाही. आधी परवाना घ्यावा.

यंत्र अपात्र असेल, पण काम चालू ठेवायचे असेल, तर वाढीव सुरक्षा दुरुस्त्यांची योजना आहे. घरगुती वापरकर्त्यांसाठी तिची जाहीर मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. त्यासाठी विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टचे खाते लागते. सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्यात ठेवल्यास ती मोफत मिळते, नाहीतर मायक्रोसॉफ्ट रिवॉर्ड्सचे १००० गुण किंवा ३० डॉलर मोजावे लागतात, आणि एक परवाना १० यंत्रांपर्यंत चालतो. कंपनीच्या डोमेनला (मध्यवर्ती नियंत्रणाच्या जाळ्याला) जोडलेल्या यंत्रांना ही योजना मिळत नाही. संस्थांसाठीच्या योजनेचा दर पहिल्या वर्षी दर यंत्रामागे ६१ डॉलर असून तो दर वर्षी दुप्पट होतो आणि ती जास्तीत जास्त तीन वर्षे घेता येते. ही सवलत म्हणजे नव्या यंत्राची तजवीज करायला मिळालेली उसंत समजावी आणि त्या उसंतीत खरोखर तजवीज करावी. खरेदी सप्टेंबरअखेरपर्यंत उरकता आली, तर आणखी एक फायदा होतो: आयकरात संगणकावर ४० टक्के घसारा मिळतो, परंतु यंत्र त्या आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरात असेल, तर त्याच्या निम्माच.

अपात्र यंत्रावर अटी चुकवून विंडोज ११ बसवून देणारे पुष्कळ भेटतात. तसे तांत्रिकदृष्ट्या करता येते, पण अशा यंत्राला दुरुस्त्या मिळण्याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. होम आणि प्रो यांच्या प्रत्येक वार्षिक आवृत्तीचा आधार २४ महिन्यांचा असतो आणि पुढची आवृत्ती अशा यंत्रावर आपोआप येत नाही. दर वेळी तीच कसरत करावी लागते. घरी हौसेने करायला हरकत नाही. ज्या यंत्रावर इतरांचे पैसे किंवा कागदपत्रे आहेत, तिथे करू नये.

लिनक्सचा (विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत प्रणालीचा) विचार ब्राउझर, पत्रव्यवहार आणि साध्या तक्त्यांपुरत्या वापराच्या यंत्रासाठी अवश्य करावा. लिनक्स मिंट किंवा उबुंटू जुन्या यंत्रावर नीट चालते, त्यात मराठी इनस्क्रिप्ट कळफलक असतो आणि लिबरऑफिसही मिळते. मात्र स्वाक्षरीचे टोकन, टॅली आणि कॅनन एलबीपी २९०० सारखे कंपनीच्या ड्रायव्हरवर अवलंबून असलेले प्रिंटर इथे अडचण करतात. पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून, काहीही न बसवता, ही चाचणी आधी घेता येते.

बदलाचा दिवस

तारीख कामाच्या पंचांगाप्रमाणे ठरवावी. जीएसटीच्या कामात मासिक विवरणपत्रांच्या ११ आणि २० या तारखांच्या आसपास, तिमाही टीडीएसच्या शेवटच्या आठवड्यात, तसेच जुलै, सप्टेंबर आणि ऑक्टोबरच्या अखेरीस यंत्राला हात लावू नये. महिन्याच्या २२ तारखेनंतरचा शनिवार बहुधा सोयीचा पडतो, कारण रविवार हाताशी राहतो. पावसाळ्यात वीज जाण्याचा भरवसा नसल्यामुळे यूपीएसची बॅटरी किती वेळ टिकते, ते आदल्या दिवशी पाहावे.

बॅकअप दोन प्रकारचे घ्यावेत. कामाच्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी, आणि संपूर्ण डिस्कची प्रतिमा क्लोनझिलासारख्या मोफत साधनाने वेगळ्या डिस्कवर काढावी. गूगल ड्राइव्हवर फाइली ‘सिंक’ होतात म्हणजे बॅकअप झाला असे नव्हे. संगणकावर पुसलेली फाइल तिथूनही पुसली जाते. बॅकअपमधून टॅलीची एक कंपनी आणि एखादी पीएसटी (आउटलुकच्या ई-मेलची) फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. ती उघडली तरच बॅकअप आहे असे मानावे.

पहिला बदल सर्वांत कमी महत्त्वाच्या पात्र यंत्रावर करावा आणि त्यावर आठवडाभर खरे काम करावे: टोकनने एक स्वाक्षरी, जुन्या प्रिंटरवर एक छपाई, सामायिक फोल्डरमधली एक फाइल, बँकेचे संकेतस्थळ, मराठी टंकलेखन. ते पार पडले की इतर यंत्रे एकेक करून घ्यावीत, एकाच दिवशी सगळी नकोत.

बदलानंतर १० दिवसांपर्यंत ‘रिकव्हरी’मधील ‘गो बॅक’ने जुनी विंडोज परत आणता येते. त्यासाठी ‘विंडोज डॉट ओल्ड’ हे फोल्डर शाबूत राहावे लागते. ते बरीच जागा खात असल्यामुळे डिस्क साफ करण्याच्या उत्साहात कोणीतरी ते पुसते आणि परतीचा मार्ग बंद होतो. कर्मचाऱ्यांना हे आधीच बजावून ठेवावे. विंडोज ११ कोरी बसवून मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केल्यास डिस्कचे एन्क्रिप्शन आपोआप चालू होऊ शकते आणि त्याची रिकव्हरी की त्या खात्यात जाते. म्हणून ते खाते दुरुस्तीवाल्याच्या किंवा नोकरी सोडून जाऊ शकणाऱ्या कर्मचाऱ्याच्या नावाने उघडू नये. मालकाच्या किंवा संस्थेच्या ई-मेलने उघडावे आणि की छापून फाइलीत लावावी.

निवृत्त केलेले यंत्र

जुना संगणक विकताना किंवा शाळेला देताना हार्ड डिस्क नुसती फॉरमॅट करणे पुरेसे नाही. विंडोजच्या ‘रीसेट’मध्ये ‘क्लीन डेटा’ हा पर्याय चालू करावा, त्यामुळे फाइली परत मिळवणे बरेच अवघड होते. एसएसडीसाठी उत्पादक कंपनीच्या साधनातील ‘सिक्युअर इरेज’ वापरावे. डिस्क बिघडली असेल आणि पुसता येत नसेल, तर ती काढून घ्यावी आणि उरलेले यंत्र तेवढेच द्यावे. भंगारवाल्याकडे देण्याऐवजी नोंदणीकृत ई-कचरा पुनर्वापरकर्त्याकडे द्यावे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार मोठ्या आस्थापनांना ते बंधनकारक आहे आणि छोट्या कार्यालयांनीही पावती घेऊन ठेवलेली बरी. विंडोजचा परवाना सुटा, म्हणजे रिटेल घेतलेला असेल, तर तो नव्या यंत्रावर नेता येतो. यंत्रासोबत आलेला ओईएम परवाना त्या यंत्राबरोबरच जातो, म्हणून पुसण्याआधी ‘ॲक्टिव्हेशन’च्या पानावर आणि खरेदीच्या बिलावर तो कोणता आहे, ते पाहून घ्यावे.